शिवाराचा कार्बन हिशोब: मराठवाड्याची जमीन हवेतून काय घेते आणि हवेला काय देते

हवामान बदलाचा विषय निघाला की मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर परळीच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी, साखर कारखान्यांच्या चिमण्या किंवा महामार्गावरची वाहने येतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तिथला धूर दिसतो. जमिनीचे तसे नाही. माळ नांगरला, बांधावरचा लिंब तोडला किंवा वाळलेली बाग उपटून टाकली, तर त्यातून जो कार्बन हवेत जातो तो सहसा दिसत नाही; आणि एखादे शिवार हवेतला कार्बन ओढून घेत असेल, तर तेही कोणाच्या लक्षात येत नाही. तरीही हा व्यवहार लहान नाही. शेती, जंगल आणि जमिनीचा इतर वापर यांतून मिळून होणारे उत्सर्जन २०१९ मध्ये माणसाने केलेल्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनाच्या सुमारे २२ टक्के होते. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २०२० मध्ये देशाचे उत्सर्जन, जमीन आणि जंगल बाजूला ठेवले तर, सुमारे २९५.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. जमीन, जंगल आणि झाडे यांनी त्याच वर्षी सुमारे ५२.२ कोटी टन शोषून घेतल्यामुळे निव्वळ आकडा २४३.७ कोटी टनांवर आला.

हे ५२ कोटी टन कोणी मोजले, कसे मोजले, आणि जंगल नावापुरते असलेल्या आपल्या भागाचा त्यात काय संबंध, हे प्रश्न कोणालाही पडावेत असे आहेत. माझे म्हणणे आरंभीच मांडतो. या हिशोबात किती रोपे लावली याला स्वतःचे असे काहीही मोल नाही. मोल आहे ते जमिनीत आणि झाडांत मागच्या वेळेपेक्षा आज किती कार्बन जास्त किंवा कमी आहे, या फरकाला. हे एकदा लक्षात आले की मराठवाड्यात कुठे पाहायला हवे ते आपोआप बदलते.

झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते, त्यातला कार्बन ठेवून लाकूड, पाने आणि मुळे तयार करते आणि ऑक्सिजन बाहेर सोडते. पूर्ण वाळवलेल्या लाकडाच्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन असतो. कार्बनचा एक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंशी जोडला गेला की वजन १२ वरून ४४ होते, म्हणून एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. बांधावरच्या एखाद्या जुन्या लिंबाचे बुंधा, फांद्या आणि मुळे मिळून कोरडे वजन एक टन धरले, तर त्यात ४७० किलो कार्बन आहे आणि तो सगळा हवेत परतला तर सुमारे १.७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. याउलट तीन वर्षे जगलेल्या एखाद्या रोपाचे कोरडे वजन पाच किलो धरले, तर एका लिंबाची भरपाई होण्यासाठी तशी २०० रोपे जगलेली असावी लागतात. एक झाड तोडले तर पाच लावू, हे आश्वासन पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या हिशोबात खरे ठरू शकते. आजच्या हिशोबात ते ठरत नाही.

जुन्या वाड्यांत ज्वारी ठेवण्यासाठी पेव असे. पेवात किती ज्वारी आहे हा एक प्रश्न, आणि या वर्षी किती टाकली व किती काढली हा दुसरा. जंगलाचा आणि मातीचा कार्बन नेमका असाच समजून घ्यावा लागतो. जुने, पूर्ण वाढलेले जंगल म्हणजे भरलेले पेव: त्यात दरवर्षी फारशी भर पडत नाही, परंतु ते रिकामे केले तर एकदम मोठी रक्कम हवेत जाते. तरुण, जोमाने वाढणारी बाग दरवर्षी भर घालते, पण तिचा साठा अजून लहान असतो. धोरणांच्या चर्चेत या दोन गोष्टी वारंवार एकमेकींत मिसळल्या जातात आणि मग साठ्याचा आकडा शोषणाचा म्हणून सांगितला जातो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशाच्या जंगलांतला कार्बन साठा सुमारे ७२८.५ कोटी टन दिला आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या साचलेला साठा आहे, एका वर्षाची कमाई नव्हे.

देशांनी हिशोब एकसारखा ठेवावा म्हणून आंतरराष्ट्रीय नियमावलीत सगळी जमीन सहा वर्गांत विभागली आहे: वनजमीन, पीकजमीन, गवताळ जमीन, पाणथळ जमीन, वस्ती, आणि उरलेली इतर जमीन. मराठवाड्यात हे सहाही वर्ग सापडतात. किनवट-माहूरच्या डोंगरांतले सागाचे पानझडी जंगल पहिल्या वर्गात येते, आठही जिल्ह्यांतील सोयाबीन, कापूस, तूर आणि उसाचे शिवार दुसऱ्यात, गावोगावची गायराने आणि बालाघाटाच्या माथ्यावरची माळराने तिसऱ्यात, जायकवाडीच्या नाथसागरासारखे जलाशय चौथ्यात. गावठाण, औद्योगिक वसाहती आणि रस्ते हा पाचवा वर्ग असून जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेलेल्या समृद्धी महामार्गाखालची जमीन पीकजमिनीतून या वर्गात आली. उघडा पडलेला खडक म्हणजे सहावा वर्ग.

जमीन एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेली की खरा बदल घडतो, आणि हा बदल एका दिवसात संपत नाही असे नियमावली मानते. मातीतला कार्बन नव्या वापराशी जुळवून घ्यायला सर्वसाधारणपणे २० वर्षे धरली जातात. आज मोडलेले गायरान म्हणूनच पुढची वीस वर्षे हिशोबात राहते. प्रत्येक वर्गात कार्बनच्या पाच जागा तपासायच्या असतात: जमिनीवरचे झाड, जमिनीखालची मुळे, पडलेले मृत लाकूड, पालापाचोळा, आणि मातीतला सेंद्रिय कार्बन. मराठवाड्यापुरते बोलायचे तर यातली शेवटची जागा सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

काही जमिनी मात्र वर्गीकरणात नीट बसत नाहीत. नाथसागराचे पाणी उन्हाळ्याकडे ओसरू लागते तशी काठावरची गाळाची जमीन उघडी पडते आणि तिथे गाळपेर होते. पुढच्या पावसाळ्यात धरण भरले की तीच जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. ती पाणथळ की पीकजमीन? पाण्याखाली ऑक्सिजन नसलेल्या गाळात सडणाऱ्या काडीकचऱ्यातून मिथेन निघतो, उघड्या जमिनीत त्याच काडीकचऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. शंभर वर्षांच्या मोजमापात मिथेनची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असल्यामुळे हा फरक किरकोळ नाही. जलाशयांच्या उत्सर्जनाच्या मोजणीची पद्धत २०१९ मध्ये नियमावलीत सुधारली गेली, तरी अशा वर-खाली होणाऱ्या काठांचे मोजमाप अजूनही कठीण आहे.

आता पिकांकडे वळू, कारण गैरसमज सर्वांत जास्त इथेच आहेत. ऊस किंवा ज्वारी वाढताना भरपूर कार्बन शोषते हे खरे आहे, म्हणून ऊस हे हवामानासाठी फार उपकारक पीक आहे असा युक्तिवाद कधी कधी ऐकायला मिळतो. परंतु उसातली साखर खाल्ली जाते, बगॅस म्हणजे उसाचा चोथा बॉयलरमध्ये जाळला जातो, कडबा जनावरांच्या पोटात जातो, आणि वर्ष-दीड वर्षात तो कार्बन जिथून आला तिथे परततो. म्हणून हंगामी पिकांचे शोषण आणि उत्सर्जन एकमेकांना छेद देतात असे मानून दोन्ही हिशोबाबाहेर ठेवले जातात. पाचट पेटवले तरी त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड याच कारणाने धरला जात नाही. मात्र अर्धवट जळण्यातून निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरले जातात, आणि तेही शेतीच्या खात्यात. जनावरांच्या रवंथातून येणारा मिथेन आणि युरियातून येणारा नायट्रस ऑक्साइड यांचे खातेही शेतीचेच आहे. जमीन आणि वनांचे खाते वेगळे असून त्यात साठ्यातल्या बदलालाच प्रामुख्याने स्थान आहे. पाचट न जाळता सरीत कुजवले तर त्याचा लाभ मातीतल्या सेंद्रिय कार्बनमार्गे याच खात्यात दिसू शकतो, पण त्यासाठी तो कार्बन मातीत टिकावा लागतो.

चुलीतल्या जळणाचे उत्तरही याच तर्काने मिळते. पऱ्हाटी आणि तुराट्या दरवर्षी नव्याने येतात, म्हणून त्या जाळल्याने साठा घटत नाही. बाभळीचे उभे झाड तोडून जाळले तर साठा घटतो आणि तो घटलेला कार्बन वीज-इंधनाच्या खात्यात न दाखवता जमिनीच्या खात्यात दाखवला जातो, नाही तर तोच धूर दोनदा मोजला जाईल.

फळबागांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे लाकूड वर्षानुवर्षे उभे राहते. महाराष्ट्रात १९९०-९१ पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे कोरडवाहू शिवारात मोठ्या प्रमाणावर बागा उभ्या राहिल्या; जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ आणि मराठवाड्याचा केशर आंबा यांना पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. कार्बनच्या दृष्टीने ही चांगली भर होती. पण २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि आसपासच्या भागात काय झाले ते आठवावे. विहिरी आटल्या, टँकरने पाणी घालून बाग जगवण्याचा प्रयत्न झाला, आणि शेवटी वाळलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपणाला गेली. मोसंबी सहा बाय सहा मीटरवर लावली तर हेक्टरी २७७ झाडे बसतात. एका झाडाचे कोरडे वजन उदाहरणादाखल ६० किलो धरले, तर एका हेक्टरमधून सुमारे २९ टन कार्बन डायऑक्साइडइतका साठा एका उन्हाळ्यात मोडीत निघाला असा त्याचा अर्थ होतो. ज्या शेतकऱ्याची दहा-पंधरा वर्षांची कमाई अशी गेली त्याला हा आकडा सांगणे क्रूरपणाचे वाटेल याची मला जाणीव आहे, तरी मुद्दा सांगायलाच हवा: पाण्याची शाश्वती नसलेल्या प्रदेशात झाडांतला कार्बन हा नेहमी जोखमीवरचा कार्बन असतो.

बांधावरच्या झाडांचा ऱ्हास मात्र दुष्काळाने कमी आणि आपल्या हाताने जास्त झाला. वाटण्यांमुळे शेते अरुंद झाली, बैलांऐवजी ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर वळवायला झाड आडवे येऊ लागले, सावलीखाली सोयाबीन नीट येत नाही म्हणून दोन ओळी वाया जातात, आणि मुलीच्या लग्नाला किंवा खतबियाण्याला पैसे लागले की आरागिरणीचा माणूस दारात उभा असतोच. बुंध्याला यांत्रिक करवत लागली की शतकभराचे आंब्याचे झाडही काही तासांत ट्रॉलीत भरले जाते. त्यातल्या सरळ लाकडाच्या चौकटी-फळ्या झाल्या तर कार्बन काही काळ टिकतो. नियमावलीत चिरलेल्या लाकडातला निम्मा कार्बन ३५ वर्षांत हवेत जातो असे धरतात, कागदाच्या बाबतीत हीच मुदत दोन वर्षांची आहे. जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळयांत आजही टिकून असलेला कार्बन हा याचा पुरावाच आहे. पण आपल्याकडे बांधावरच्या झाडाचा मोठा भाग वीटभट्टीत आणि चुलीत जातो, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

आणि आता माती. जगभरात मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे सगळ्या वनस्पती आणि वातावरण मिळून जेवढा आहे त्याहूनही अधिक. आपल्याकडे दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली काळी माती पाहून अनेकांना वाटते की ती कार्बनने भरलेली असणार. तसे नाही. तिचा काळा रंग चिकणमातीच्या विशिष्ट खनिजांशी घट्ट बांधल्या गेलेल्या थोड्याशा सेंद्रिय पदार्थामुळे येतो. मराठवाड्यातल्या कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कार्बन अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब या नावाने जो आकडा छापलेला असतो, तो हाच.

या आकड्याचा आवाका समजून घेऊ. एक एकर जमिनीचा वरचा ३० सेंटीमीटरचा थर, घनता दर घनमीटरला १.३ टन धरली तर, सुमारे १,५८० टन वजनाचा असतो. त्यात सेंद्रिय कार्बन अर्धा टक्का असेल तर साठा झाला सुमारे ७.९ टन. तो अर्ध्यावरून ०.६ टक्क्यावर नेला, तर दर एकरी १.५८ टन कार्बनची, म्हणजे सुमारे ५.८ टन कार्बन डायऑक्साइडची भर पडते. एक लिटर डिझेल जाळल्यावर साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या मापाने ही भर दोन हजार लिटरहून जास्त डिझेलइतकी आहे. पत्रिकेवरचा एक दशांश टक्का किरकोळ दिसतो, पण त्यामागे एवढे वजन आहे.

तो वाढवणे मात्र फार कष्टाचे आहे. समजा, दर वर्षी एकरी एक टन वाळलेला काडीकचरा जमिनीत गाडला. त्यात ४५० किलो कार्बन आहे, पण त्याचा बराच भाग जिवाणू खाऊन टाकतात आणि तो हवेत परत जातो. दहावा हिस्सा टिकला असे धरले तर वर्षाला ४५ किलोची भर पडेल आणि एक दशांश टक्का वाढायला ३५ वर्षे लागतील, तेही या काळात आधीचा कार्बन घटणार नाही असे मानले तर. शिवाय मातीतल्या स्थिर सेंद्रिय पदार्थात कार्बनबरोबर नत्रही लागते, साधारण १२ भाग कार्बनला एक भाग, म्हणून एक टन कार्बन मातीत बसवायचा तर ८० किलोच्या आसपास नत्रही तिथे अडकून पडते. शेणखत, द्विदल पिके, आच्छादन आणि कमी मशागत हे सगळे एकत्र केले तर वेग वाढतो, मुळे खोल जाणारी पिके आणि झाडे असतील तर आणखी वाढतो. पण दोन-तीन वर्षांत मातीचा कर्ब दुप्पट करून देतो असे कोणी सांगत असेल, तर त्याला वरचे गणित मांडून दाखवायला सांगावे.

घट मात्र वेगाने होते. उन्हाळ्यात नांगरट करून ढेकळे उन्हात तापू दिली की मातीच्या कणांच्या आत सुरक्षित असलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो. मग मृगाचा पहिला पाऊस पडतो. कोरडी माती भिजताच सुप्त जिवाणू जागे होतात आणि पुढच्या काही तासांत, दिवसांत मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडतो. हे शास्त्रज्ञांनी अनेक कोरड्या प्रदेशांत मोजले आहे. याच सुमाराला जमीन उघडी असते, पाऊस धो-धो पडतो, आणि सर्वांत हलका, सर्वांत सुपीक, सर्वांत जास्त कर्बाचा वरचा थर नाल्यात वाहून जातो. त्यातला काही धरणांच्या तळाशी बसतो. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चालली; तलावातला गाळ हलक्या, बरड रानात टाकला की त्या रानाचा कर्ब वाढतो हे खरे आहे. हिशोबाच्या भाषेत मात्र ही जागेची अदलाबदल आहे, हवेतून नव्याने घेतलेला कार्बन नाही. खरा लाभ होतो तो त्या सुधारलेल्या रानात पुढे जास्त पीक आणि जास्त मुळे वाढली तर.

आपल्या मातीत पांढऱ्या चुनखडीचे खडे दिसतात, त्यांतही कार्बन असतो. कोरड्या हवामानात तो साठा मोठा असतो, पण तो खनिज स्वरूपाचा असून त्याची ये-जा फार संथ असल्यामुळे नेहमीच्या हिशोबात त्यात बदल होत नाही असेच धरले जाते.

गायरानांचा प्रश्न इथेच जोडला जातो. गवताचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, म्हणून माळ वरून उजाड दिसला तरी खालून रिकामा नसतो. तो नांगरला की घट सुरू होते. गायरानावर पोटासाठी शेती करणाऱ्या भूमिहीन कुटुंबांचा हक्क हा मराठवाड्यातला जुना आणि न्यायाचा प्रश्न आहे, आणि कार्बनचे कारण पुढे करून त्यांना हुसकावणे मला मान्य होणारे नाही. तेवढीच काळजी दुसऱ्या टोकालाही घ्यायला हवी. वनीकरणाच्या उत्साहात गवताळ माळावर जेसीबीने खड्डे खणून दाट झाडी लावली, तर मातीतला साठा आधी हलतो, माळढोक-काळविटांचा अधिवास जातो, आणि झाडे पाण्याअभावी मेली तर हाती काहीच लागत नाही. चराईवर नियंत्रण ठेवून गवत वाढू देणे हा अशा जागी अनेकदा अधिक शहाणपणाचा मार्ग असतो.

जंगलाचा आकडा कसा येतो तेही थोडक्यात पाहू. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था साधारण दर दोन वर्षांनी उपग्रह चित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजते. किमान एक हेक्टर क्षेत्र आणि किमान १० टक्के झाडांची छाया असेल, तर मालक कोणीही असो आणि झाड कोणतेही असो, ती जागा वनाच्छादन म्हणून मोजली जाते. म्हणून केशर आंब्याची दाट बाग किंवा बांबूचा मोठा पट्टाही त्यात येऊ शकतो. २०२३ च्या अहवालात वन आणि वृक्ष मिळून देशाच्या भूभागाच्या २५.१७ टक्के क्षेत्र दाखवले आहे, आणि १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाचे लक्ष्य ३३ टक्क्यांचे आहे. लातूर जिल्ह्यात वनाच्छादनाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंतही पोहोचत नाही. मराठवाड्यात खऱ्या अर्थाने नैसर्गिक जंगल म्हणता येईल ते नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरकडे, गौताळ्यात आणि येडशीच्या रामलिंग घाटासारख्या तुकड्यांत उरले आहे. तिथल्या विरळ होत चाललेल्या जंगलात आगी आणि बेसुमार तोड थांबली तर साठा आपोआप वाढतो, त्याला रोपवाटिका लागत नाही. २०१९ मध्ये राज्याने एका मोसमात ३३ कोटी वृक्ष लागवडीचे लक्ष्य घेतले होते. त्या मोहिमेचे कार्बनमधले उत्तर लागवडीच्या आकड्यात शोधून सापडणार नाही. ते आज उभ्या असलेल्या झाडांच्या घेरात आहे.

पॅरिस करारात भारताने २०३० पर्यंत वन आणि वृक्षांच्या माध्यमातून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका अतिरिक्त साठा तयार करण्याचे वचन दिले आहे, आणि २००५ च्या तुलनेत २.२९ अब्ज टनांची वाढ झाल्याचे सरकारी अहवाल सांगतो. असे साठे कायमचे नसतात हेही ध्यानात ठेवावे. फिनलंडसारख्या जंगलांनी भरलेल्या देशाचा जमिनीचा हिशोबही वाढलेली तोड, मंदावलेली वाढ आणि दलदलीच्या मातीतले उत्सर्जन यांमुळे अलीकडे शोषणाकडून उत्सर्जनाकडे झुकला.

गावात आता या विषयाचा संबंध येतो तो कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे साठवलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्राच्या, निमित्ताने. बांबू, आंबा किंवा मशागतीची नवी पद्धत स्वीकारा, साठणाऱ्या कार्बनचे पैसे मिळतील, असे सांगणारे करार शेतकऱ्यांपर्यंत येत आहेत. त्यात गैर काही नाही, पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय अशा क्रेडिटला अर्थ नसतो. पहिली, हे झाड या पैशांमुळेच लागले का, की ते तसेही लागणारच होते. दुसरी, इथे तोड थांबल्यामुळे ती शेजारच्या तालुक्यात सरकली तर नाही ना. तिसरी आणि मराठवाड्यासाठी सर्वांत अवघड, तो कार्बन किती काळ टिकणार. क्योटो करारातल्या व्यवस्थेत वनीकरणाची क्रेडिटे याच कारणाने मुदतीची ठेवली होती. मुदत संपली की खरेदीदाराला ती बदलून द्यावी लागत. आजच्या अनेक पद्धतींत आग, रोग आणि दुष्काळ यांसाठी क्रेडिटांचा काही हिस्सा राखीव बाजूला ठेवला जातो.

म्हणून करार वाचताना रकमेच्या आधी मुदतीचे कलम पाहावे: तीस वर्षांचा करार असेल तर मधल्या काळात वाटणी झाल्यास, जमीन विकल्यास किंवा सलग दोन वर्षे पाऊस न पडून बाग वाळल्यास जबाबदारी कोणाची, हे मराठीत लेखी असले पाहिजे. मोजणी कोण करणार आणि तिचा खर्च कोणाच्या वाट्यातून जाणार हेही त्यात हवे. मातीच्या कर्बासाठी करार असेल तर काम सुरू होण्यापूर्वीच ३० सेंटीमीटर खोलीपर्यंतचे नमुने घेऊन, मातीची घनता मोजून, जागेची नोंद करून त्याची प्रत शेतकऱ्याला द्यायला लावावी, आणि पुढचे नमुने त्याच जागेवरून, त्याच हंगामात, त्याच खोलीचे घेतले जातील असे कलम घालून घ्यावे. झाडांसाठी जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरचा घेर मोजतात. एक साधी मोजपट्टी आणि वही असली तर ही नोंद गावातली शिकलेली मुलेही दरवर्षी ठेवू शकतात, आणि बाहेरून आलेल्या मोजणीशी ती ताडून पाहता येते.